मराठी प्रतीची मोजदाद : छापील ग्रंथांपासून मुक्त संगणक-प्रणालींपर्यंत

इ. स. १८६७ साली हिंदुस्थान सरकारने जो पंचविसावा कायदा संमत केला, तो मुद्रणालये व ग्रंथ ह्यांच्या नोंदणीचा होय. त्या कायद्याकडे आपले लेखक बहुधा राजकीय दृष्टीनेच पाहत आले आहेत, आणि छापखान्यांवर नजर ठेवण्याचे ते एक साधन होते ही गोष्ट खरीच आहे. परंतु त्याच्या अठराव्या व एकोणिसाव्या कलमांत इतिहासाच्या अभ्यासकास उपयोगी पडणारी एक निराळीच तरतूद होती. छापल्या गेलेल्या प्रत्येक ग्रंथाचे नाव, भाषा, कर्ता, भाषांतरकार किंवा संपादक, विषय, मुद्रणस्थळ, पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती, किंमत आणि त्या आवृत्तीच्या एकूण प्रती, इतका सर्व तपशील सरकारी वहीत चढविला पाहिजे, आणि दर तीन महिन्यांनी त्याची सूची गॅझेटात प्रसिद्ध झाली पाहिजे, असे त्यात सांगितले होते. भाषांतरकाराचा उल्लेख कायद्याने केला आणि प्रतींचा आकडाही कायद्याने मागितला. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळेच एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एखाद्या इंग्रजी किंवा संस्कृत ग्रंथाच्या मराठी भाषांतराच्या किती प्रती निघाल्या, हे आज सांगता येते.

ह्या सूचींच्या आधीही यादी करण्याचे प्रयत्न झाले होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्याचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट ह्यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या देशी ग्रंथांची सूची सिद्ध केली होती. पुढे पुण्याच्या शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० ते १९३७ ह्या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या चिकाटीने तयार केली, आणि गोमंतकाचे सुपुत्र अ. का. प्रियोळकर ह्यांनी १९५८ साली हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. ह्या सर्व परिश्रमांचे मोल मोठे आहे. तथापि एक उणीव त्या सर्वांत राहिली, आणि ती त्या विद्वानांची नव्हे, विषयाचीच होती. प्रती किती छापल्या हे कळते. विकल्या किती आणि वाचल्या किती, हे कळत नाही.

आज हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रात पुन्हा उभा राहिला आहे, आणि तो मराठी व कोंकणी ह्या दोन्ही भाषांच्या भवितव्याशी निगडित असल्यामुळे त्याचा इतिहास आपल्या वाचकांपुढे ठेवणे उचित वाटते.

रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ साली त्याच्या परवान्याची पहिली आवृत्ती निघाली. प्रणाली कोणीही चालवावी, तिची अंतर्रचना अभ्यासावी, तीत बदल करावे आणि तिच्या प्रती हव्या तितक्या काढून हव्या त्यास द्याव्या, हे ह्या परवान्याचे सार आहे. हे शेवटचे स्वातंत्र्य मोजणाऱ्याच्या मुळावर येणारे आहे. जी वस्तू विकली जाते तिची पावती फाटते. जी मुक्तपणे हातोहात जाते तिची पावती कोण फाडणार? एका विद्यार्थ्याने एक प्रत उतरवून घेतली आणि ती शाळेच्या वीस यंत्रांवर बसविली, तर बाहेरच्या वहीत एकच नोंद होते. उलट एखादा हौशी गृहस्थ प्रत्येक नवी आवृत्ती निघताच ती उतरवून घेत असेल, तर तो एकटा त्या वहीत वर्षातून अनेकदा येतो. लिब्रेऑफिससारख्या प्रणालीच्या वर्षाला दोन मुख्य आवृत्त्या निघतात आणि मधूनमधून दुरुस्त आवृत्त्या येत राहतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या दुसऱ्या दोषाची व्याप्ती कळते.

देवळाच्या उत्सवात पंगतीची व्यवस्था ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे चटकन पटेल. पाने किती मांडली हे सांगता येते, परंतु एका पानावर दोन मुले जेवली काय, किंवा कोणी पान सोडून उठला काय, हे पाने मोजून कळत नाही.

तरीही मोठे आकडे जाहीर होत राहिले, आणि त्यांनी लोकांच्या मनावर परिणाम केला. १७ जून २००८ रोजी फायरफॉक्स ह्या न्याहाळकाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा चोवीस तासांत तिच्या ८०,०२,५३० प्रती उतरविल्या गेल्या आणि गिनेसच्या विक्रमग्रंथात त्याची नोंद झाली. अपाचे ओपनऑफिसने एप्रिल २०१४ मध्ये दहा कोटी प्रतींचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर केले. हे आकडे खोटे नाहीत. परंतु ती माणसांची संख्या नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते आता पाहू. भोपाळ शहराच्या उत्तरेस करोंद नावाची वस्ती आहे. तेथे धान्याची मोठी कृषी उपज मंडी भरते. शेतकऱ्याची ट्रॉली फाटकातून आत शिरताना नोंदली जाते. मग माल कोणत्या ओट्यावर उतरतो, कोणता व्यापारी घेतो आणि तो गहू शेवटी कोणाच्या स्वयंपाकघरात जातो, ह्याच्याशी फाटकावरच्या माणसास कर्तव्य नसते. मुक्त प्रणालींचे वाटपही असेच चालते. फायली जगभरच्या विद्यापीठांत व संस्थांत ठेवलेल्या असतात; त्या साठ्यांना मिरर म्हणतात. मागणी मात्र प्रथम एका मध्यवर्ती यंत्राकडे येते, ते तिची नोंद करते आणि मागणाऱ्यास जवळच्या मिररकडे पाठविते. मोझिलाने ह्यासाठी बाउन्सर नावाची योजना केली होती, आणि ओपनऑफिसच्या लोकांनीही काही काळ तीच वापरली. जो मनुष्य फाटक टाळून थेट मिररवर गेला, तो मोजला गेला नाही.

करोंदचे नाव मी केवळ उपमेसाठी घेतलेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली, तेव्हा नागपूरची सरकारी कचेऱ्यांतील पुष्कळशी मंडळी तिकडे गेली, आणि त्यांत मराठी कुटुंबे बरीच होती. २०११ च्या जनगणनेत मध्यप्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे १२ लाख लोक निघाले. अशा एखाद्या घरातील मुलाने फायरफॉक्स उतरवून घ्यावयाचे ठरविले, तर काय होते? ते संकेतस्थळ त्याच्या न्याहाळकाने कळविलेली भाषा पाहते. यंत्र इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजी प्रत पुढे येते, हिंदीत असेल तर हिंदी. मराठी प्रत मुद्दाम शोधून घ्यावी लागते. शिवाय मागणी कोणत्या देशातून आली हे यंत्राच्या पत्त्यावरून बऱ्यापैकी कळते, परंतु कोणत्या शहरातून आली ह्याचा भरवसा थोडा. भोपाळच्या भ्रमणध्वनीवरची मागणी भलत्याच शहराच्या नावे पडू शकते. म्हणजे महाराष्ट्राबाहेरचा मराठी वाचक ह्या हिशेबात दोनदा हरवतो, एकदा भाषेच्या रकान्यात आणि एकदा स्थळाच्या रकान्यात.

भोपाळचे नाव ह्या क्षेत्रात अपरिचित मात्र नाही. मध्यप्रदेश विद्युत मंडळात अभियंता म्हणून काम केलेले रविशंकर श्रीवास्तव, ज्यांना हिंदी जगत रवि रतलामी ह्या नावाने ओळखते, त्यांनी ग्नोम व केडीई ह्या प्रणालींची हिंदी आणि पुढे छत्तीसगढी भाषांतरे केली. मराठीचे बरेचसे काम पुण्यात झाले. तेथील रेड हॅटच्या कचेरीत भारतीय भाषांच्या भाषांतरकारांचा गट होता.

आता भाषेच्या रकान्याविषयी. येथे विषय थोडा बारीक होतो, पण खरी मेख तेथेच आहे. काही प्रणालींची प्रत्येक भाषेची प्रत स्वतंत्र बांधलेली असते. फायरफॉक्सची मराठी प्रत निराळी, तमिळ निराळी. तेव्हा किती मराठी प्रती गेल्या हे सांगता येते. लिब्रेऑफिसचे तसे नाही. लिनक्स व मॅक ह्यांच्यासाठी त्याचे भाषा-संच निराळे मिळतात, मराठीचा आणि कोंकणीचाही. परंतु विंडोजसाठी सर्व भाषा एकाच पेटीत घातलेल्या असतात. आपल्याकडे बहुसंख्य लोक विंडोजच वापरतात, त्यामुळे मराठीत लिब्रेऑफिस चालविणारा बहुतेक वर्ग 'एक प्रत, सर्व भाषा' ह्या एकाच ओळीत विरघळून जातो. ग्नोमच्या कार्यक्रमांत तर प्रत्येक कार्यक्रमाबरोबर सर्व भाषांच्या लहानलहान फायली आपोआप येतात, आणि तेथे मराठी प्रत असा प्रकारच उरत नाही. वाचकाच्या सोयीच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे. मोजणाऱ्यास मात्र ती शून्य देते.

असल्या शून्याचे परिणाम व्हावयाचे ते होतात. मराठी भाषांतर करणारे बहुतेक लोक स्वेच्छेने, आपला फावला वेळ खर्चून काम करणारे असतात. नव्या आवृत्तीबरोबर शेकडो नवी वाक्ये येतात. ती भाषांतरित झाली नाहीत तर पडद्यावर मराठीच्या मधोमध इंग्रजी उगवते, आणि काही काळाने ते मराठीकरण अर्धवट म्हणून बाजूस पडते. कोणी वापरते की नाही, असे त्या भाषांतरकाराने विचारले आणि त्यास दाखविण्यास आकडा नसला, तर त्याचा हुरूप किती दिवस टिकणार? ग्नोमने ह्या दुसऱ्या मोजणीसाठी, म्हणजे प्रत्येक भाषेत शेकडा किती वाक्ये भाषांतरित झाली हे दाखविण्यासाठी, जे संकेतस्थळ काढले त्याचे नाव त्यांनी 'डॅम्ड लाईज' असे ठेवले आहे. संख्याशास्त्राला असत्याच्याही पलीकडचे असत्य म्हणणाऱ्या प्रसिद्ध इंग्रजी उक्तीवरून ते घेतलेले आहे. विनोद चांगला आहे, परंतु त्या संकेतस्थळावरचे आकडे वाटपाच्या आकड्यांपेक्षा कितीतरी विश्वसनीय आहेत, हे सांगितले पाहिजे. कारण वाक्ये मोजता येतात, वाचक येत नाहीत.

सरकारनेही ह्या कामात हात घातला होता. भारतीय भाषांच्या तंत्रविकासासाठी केंद्र सरकारने जो कार्यक्रम चालविला, त्याखाली २००५ साली प्रथम तमिळ आणि नंतर हिंदी तबकडी निघाली; पुढे मराठी व कोंकणीसह इतर अनुसूचित भाषांच्याही निघाल्या. तीत टंक, 'भारतीय ओपनऑफिस', न्याहाळक, शब्दकोश असे साहित्य होते आणि ते विनामूल्य होते. १८६७ च्या वहीशी ह्या तबकडीचे नाते जवळचे आहे: सरकार छापणार, सरकार वाटणार, आणि वाटलेल्या प्रतींचा आकडा सरकारजवळ राहणार. तबकडी यंत्रात घातली गेली की पुस्तकांच्या मांडणीत पडून राहिली, हे मात्र त्या आकड्यातून समजत नाही. सी-डॅकने २००७ साली डेबियनच्या पायावर बॉस ही संपूर्ण प्रणालीच काढली, तिचीही गोष्ट तीच.

कोंकणीची अडचण आणखी निराळी आहे. २०११ च्या जनगणनेत कोंकणी भाषकांची संख्या २२,५६,५०२ भरली. मराठीची ८,३०,२६,६८० होती. संख्या लहान असली म्हणजे प्रत्येक नोंदीचे महत्त्व वाढते, आणि येथे तर नोंदीच विभागल्या जातात. आंतरराष्ट्रीय संकेतावलीत कोंकणीस एक व्यापक संकेत आहे आणि त्याच्या पोटात दोन निराळे संकेत आहेत, त्यांपैकी एक गोव्याच्या कोंकणीचा. त्यात पुन्हा लिपींचा प्रश्न येतो: गोव्यात देवनागरी व रोमी, मंगळुराकडे कानडी, केरळात मल्याळम. १९९२ साली घटनेच्या आठव्या परिशिष्टात कोंकणीस एकच स्थान मिळाले, परंतु संगणकाच्या वहीत ती निरनिराळ्या ओळींत लिहिली जाते. मंगळूरच्या सारस्वताची कोंकणी आणि फोंड्याच्या सारस्वताची कोंकणी ह्यांची बेरीज कोणी करून ठेवलेली नसते.

ह्या सर्व गोंधळात प्रामाणिक म्हणावा असा एक उपक्रम डेबियनवाल्यांचा आहे. १९९३ साली सुरू झालेल्या ह्या प्रणालीत वापरकर्त्याची संमती असेल तरच काम करणारा एक छोटा कार्यक्रम असतो. बसविताना तो विचारतो, भाग घ्यावयाचा काय? काही न बोलता पुढे गेल्यास उत्तर 'नाही' असे धरले जाते. 'होय' म्हटले तर ते यंत्र आठवड्यातून एकदा, मालकाचे नाव न कळविता, आपल्यावर कोणते संच बसविले आहेत त्याची यादी पाठविते. जाहीर होणाऱ्या तक्त्यात प्रत्येक संचापुढे निरनिराळे रकाने असतात: किती यंत्रांवर बसविला, किती ठिकाणी नियमित वापरला जातो, किती ठिकाणी नुसता पडून आहे. १८६७ च्या वहीत जो रकाना नव्हता तो येथे आला, असे वाटून इतिहासाच्या अभ्यासकास क्षणभर आनंद होतो. परंतु वापर ओळखण्यासाठी तो कार्यक्रम चालविण्याजोग्या फायली शेवटी केव्हा उघडल्या गेल्या हे पाहतो, आणि भाषांतराच्या संचात बहुधा अशा फायली नसतातच. असतात ती नुसती वाक्ये. म्हणून त्यांच्यासाठी निराळाच रकाना आहे, ज्याचा अर्थ इतकाच की ह्या संचाविषयी काही सांगता येत नाही.

१८६७ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अस्तित्वात नाही. त्याच्या जागी आलेला २०२३ चा कायदा नियतकालिकांपुरता आहे. त्यात ग्रंथ घेतलेले नाहीत. डेबियनचा तक्ता मात्र चालू आहे, आणि त्यात लिब्रेऑफिसच्या मराठी संचाची आणि फायरफॉक्सच्या मराठी संचाची अशा दोन स्वतंत्र ओळी आहेत. करोंदच्या घरात, गिरगावात किंवा मडगावात कोणी डेबियन बसवून हे संच घेतले आणि त्या प्रश्नास 'होय' असे उत्तर दिले, तर ते यंत्र आठवड्याभरात आपली यादी पाठवील आणि त्या ओळींत एकेक आकडा वाढेल.