रंग द्यायच्या आधी साल ठरवा

गोव्यात दाबोळीजवळ १९९८ साली नौदलाचं हवाई संग्रहालय सुरू झालं. तिथल्या आवारात एक भलंथोरलं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. ही विमानं १९५०च्या दशकात एअर इंडियाचे प्रवासी नेत. पुढे ती हवाई दलाने घेतली आणि १९७६ मध्ये सागरी टेहळणीसाठी नौदलाकडे आली. म्हणजे एकाच पत्र्यावर तीन मालकांचे रंग! मग यातला ‘मूळ’ कोणता?

तिन्ही मूळच. म्हणून जुनं विमान रंगवताना पहिला प्रश्न ‘कोणता रंग’ हा नाही, तर ‘कोणत्या सालचा’ हा आहे.

सी हॅरियरचंच बघा. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली हॅरियर दाबोळीला उतरली, तेव्हा ती वरून गडद करडी आणि खालून पांढरी होती. पुढे पांढरा गेला, सगळं विमान करडं झालं. २०१६ मध्ये निवृत्त झाली ती त्याच वेषात. दोन्ही काळांतले वैमानिक आपापल्या जागी बरोबर आहेत.

चिन्हांचंही तसंच. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश आघाडीवर वर्तुळातला तांबडा काढून टाकला, कारण जपानी विमानांवर तांबडा गोळा असे. स्वातंत्र्यानंतर थोडा काळ अशोकचक्र आलं. केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ १९५० पासूनचं. तेव्हा १९४४ सालच्या हरिकेनवर तिरंगी वर्तुळ काढलं, तर ते कितीही छान दिसो, चूकच.

पुरावा कुठे मिळतो? चाकांच्या खोबणीत, पाट्यांच्या मागे, जिथे ऊन पोचत नाही तिथे. बारीक पॉलिश पेपरने हळूहळू घासलं, की एकाखाली एक थर दिसतात. कृष्णधवल फोटोवर मात्र भिस्त नको. काही जुन्या फिल्मवर तांबडा जवळजवळ काळा दिसतो.

२०१८ मध्ये हवाई दलात आलेल्या ‘परशुराम’ डाकोटावर व्हीपी ९०५ हा १९४७ च्या श्रीनगर मोहिमेतल्या विमानाचा क्रमांक आहे. विमान मात्र दुसरंच, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलेलं. स्मरण म्हणून हे योग्यच, पण शेजारच्या फलकावर तसं लिहिलेलं हवं.

आपल्या खाऱ्या हवेत विमानं पुन्हा पुन्हा रंगवावीच लागतात. जुना थर एकदा खरवडला की तो पुरावा कायमचा गेला. म्हणून आधी प्रत्येक थराची नोंद आणि फोटो, मग साल, आणि शेवटी ब्रश.