आटे गेले, म्हणजे काय गेले?

जुना ट्रॅक्टर दुरुस्तीला उघडला की मेकॅनिकच्या तोंडून एक वाक्य हमखास येते : ‘आटे गेले.’ बोल्ट फिरतो, फिरतच राहतो, पण आवळला जात नाही. ऐन पेरणीच्या तोंडावर असे झाले तर बोटाएवढ्या बोल्टासाठी सगळे काम खोळंबते. आटे जातात म्हणजे नेमके काय होते? आणि हवा तो बोल्ट दुकानात सहज मिळत का नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे, दुसऱ्याचे इतिहासात.

गुंडाळलेला उतार

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर चढत गेलेली दिसेल. हाच आटा. उतारावरून ओझे चढवणे सोपे जाते, त्याच तत्त्वावर पान्याच्या थोड्या जोरात बोल्ट मोठा दाब निर्माण करतो.

हा दाब सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. नेहमीच्या नटमध्ये भाराच्या बाजूचा पहिला आटा एकटाच जवळजवळ एक तृतीयांश भार घेतो. तो झिजला की भार दुसऱ्यावर जातो, मग तिसऱ्यावर. शिवाय बोल्ट पोलादाचा असतो, तर तो ज्या भागात बसतो तो बहुधा बिडाचा किंवा अॅल्युमिनियमचा. त्यामुळे बोल्ट शाबूत राहतो आणि भोकातले आटे जातात.

झीज हे त्याचे एक कारण. दुसरे कारण म्हणजे चुकीचा बोल्ट. अर्धा इंच, म्हणजे गॅरेजच्या भाषेत चार सूत जाडीचे दोन बोल्ट घ्या. एक ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा. त्यावर एका इंचात १२ आटे. दुसरा अमेरिकी मापाचा; त्यावर इंचात १३. दोन लगतच्या आट्यांमधले अंतर पहिल्यात २.१२ मिलिमीटर, दुसऱ्यात १.९५. फरक फक्त ०.१७ मिलिमीटरचा. म्हणून एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या भोकात सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो. पण प्रत्येक आट्यागणिक फरक साठत जातो आणि तीन-चार फेऱ्यांत बोल्ट अडतो. मग पान्याला लांब पाइप लावून जोर केला की आटे कापले जातात.

एकाच जाडीच्या बोल्टावर दोन देशांनी वेगवेगळे आटे का पाडले?

प्रत्येक नटाचा एकच बोल्ट

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत नट आणि बोल्ट जोडीनेच तयार होत. एका कारखान्यातला नट दुसऱ्या कारखान्याच्या बोल्टावर बसेल अशी अपेक्षाच नव्हती. यंत्र उघडताना कोणता नट कोणत्या बोल्टाचा, याच्या खुणा करून ठेवाव्या लागत. जेम्स नॅस्मिथ या इंजिनिअरने आपल्या आत्मचरित्रात या गोंधळाचे वर्णन केले आहे.

१८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने आटे कापणारे अचूक लेथ बनवले. आता एकसारखे आटे पुन्हा पुन्हा पाडता येऊ लागले. पण ते ‘एकसारखे’ होते एका कारखान्यापुरतेच. मॉडस्लेकडे काम शिकलेला जोसेफ व्हिटवर्थ याने पुढचे पाऊल टाकले. त्याने इंग्लंडमधल्या अनेक कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि सरासरीवरून एक पद्धत सुचवली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर, आणि प्रत्येक जाडीला इंचात किती आटे ते ठरलेले. ही योजना त्याने १८४१ मध्ये सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढे मांडली. ती लादण्याचा कोणताही अधिकार त्याच्याकडे नव्हता. रेल्वे कंपन्यांना आणि कारखान्यांना ती सोयीची वाटली, म्हणून ती पसरली.

१८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी वेगळी पद्धत सुचवली. त्याचे म्हणणे सरळ होते. ५५ अंशांचा कोन मोजायला अवघड, आणि गोलसर माथा घडवायला अधिक हत्यारे व अधिक कौशल्य लागते. त्याऐवजी कोन ६० अंशांचा घ्यावा आणि माथा सपाट ठेवावा. मग साधा कारागीरही आपल्या लेथवर तो पाडू शकेल. ६० अंश म्हणजे समभुज त्रिकोण. कंपासने तो सातवीतला विद्यार्थीही काढतो.

बहुतेक नेहमीच्या जाड्यांसाठी सेलर्सने इंचातल्या आट्यांची संख्या व्हिटवर्थइतकीच ठेवली. अर्ध्या इंचाला मात्र १२ ऐवजी १३. त्यामुळे ३/८ इंचाचा ब्रिटिश बोल्ट अमेरिकी भोकात शेवटपर्यंत जातो, पण कोन जुळत नसल्याने आट्यांची पूर्ण बाजू टेकत नाही. असा बोल्ट बसला तरी भरवशाचा नसतो. तिकडे युरोपातल्या देशांनी १८९८ मध्ये झुरिकच्या परिषदेत मेट्रिक आट्यांवर एकमत केले. अशी तीन कुळे झाली.

युद्धाने आणलेला करार

या वेगळेपणाची खरी किंमत दुसऱ्या महायुद्धात कळली. ब्रिटनचे मर्लिन हे विमानाचे इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनी बनवू लागली, तेव्हा तिला ब्रिटिश आटे पाडण्याची हत्यारे स्वतःच तयार करावी लागली. १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनमध्ये एका करारावर सह्या केल्या. कोन अमेरिकेचा ६० अंशांचा, तळाची गोलाई ब्रिटिश वळणाची. हे ‘युनिफाइड’ आटे. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेनेही आपली पहिल्या क्रमांकाची तांत्रिक समिती स्क्रूच्या आट्यांसाठीच नेमली.

पण करारावर सही झाली म्हणून जुनी यंत्रे बदलत नाहीत. हॅरी फर्ग्युसनचा टीई-२० हा छोटा करडा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनला, पाच लाखांहून अधिक संख्येने. त्याचा आराखडा अमेरिकेत फोर्डबरोबर काढलेल्या १९३९ च्या ट्रॅक्टरवरून पुढे आलेला. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना अमेरिकी इंजिन होते, पुढे ब्रिटिश बसवले गेले. असे यंत्र दुरुस्त करताना नजरेने अंदाज करणे धोक्याचे असते. प्रत्येक बोल्ट मोजूनच घ्यावा लागतो.

आपल्याकडेही तेच झाले. कांदिवलीला १९६० च्या दशकात सुरू झालेल्या कारखान्यात इंटरनॅशनल हार्वेस्टरचा बी-२७५ बनू लागला. मद्रासला मॅसी फर्ग्युसन बनू लागला. हे आराखडे इंचांतले. १९७० च्या दशकात हिंदुस्थान मशीन टूल्सने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवर बेतलेला ट्रॅक्टर आणला, तो मेट्रिक. वजनमापांचा मेट्रिक कायदा १९५६ चाच, पण शेतावरच्या यंत्रांत इंच आणि मिलिमीटर शेजारी शेजारी नांदत राहिले. ८ मिलिमीटरचा बोल्ट आणि अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंचाचा बोल्ट यांच्या जाडीत मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही फरक नाही. आट्यांचे अंतर मात्र एकाचे १.२५ मिलिमीटर, तर भरड आट्यांच्या दुसऱ्याचे १.४१. डब्यातून हाताला लागेल तो बोल्ट उचलला की घात होतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग

गेलेले आटे दुरुस्त करण्याचा सोपा मार्ग म्हणजे भोक मोठे करून, टॅप फिरवून त्यात पुढच्या मापाचे आटे पाडणे आणि जाड बोल्ट बसवणे. त्या दिवसाचे काम भागते. पण आता तो भाग कंपनीच्या पुस्तकातल्या मापाचा राहत नाही. पाच वर्षांनी दुसरा मेकॅनिक ट्रॅक्टर उघडतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसते. आणि पुन्हा आटे गेले तर कधीतरी भोकाभोवतीची भिंतच पातळ पडते.

दुसरा मार्ग अधिक कष्टाचा. भोक मोठे करायचे, पण त्यात बाहेरून-आतून आटे असलेली बुशी किंवा पोलादी तारेचे वेटोळे बसवायचे. या तारेचा छेद शंकरपाळ्यासारखा असतो; बाहेरची धार भोकात रुतते आणि आतली धार मूळ मापाचा आटा होते. बिडातल्या किंवा अॅल्युमिनियमच्या भोकाला पोलादी आटे मिळतात आणि जुनाच बोल्ट पुन्हा बसतो. पहिल्या मार्गाने यंत्र त्या करारातून बाहेर पडते, दुसऱ्याने ते करारात परत येते.

झिजलेल्या इतर भागांचेही असेच. क्रँकशाफ्ट घासून बारीक करतात, पण मनाला येईल तितका नाही. दहा, वीस, तीस थाउ, म्हणजे इंचाचे हजारावे भाग, अशा ठरलेल्या पायऱ्यांनी. कारण त्या पायऱ्यांचीच बेअरिंगे बाजारात मिळतात. वस्तू किती झिजली म्हणजे किती घासायचे, हेसुद्धा माणसांनी आधीच ठरवून ठेवले आहे!

वर्गात करून पाहा

मुलांना घरून, गॅरेजमधून जुने बोल्ट आणायला सांगा. बोल्ट शाईच्या पॅडवर लोळवून कोऱ्या कागदावर दाबत न्या. उमटलेल्या रेघांपैकी एका इंचात किती बसतात ते मोजा. १३ आले तर तो अर्ध्या इंचाचा अमेरिकी किंवा युनिफाइड बोल्ट असू शकेल, १२ आले तर व्हिटवर्थ. संख्या पूर्णांकात येत नसेल तर मिलिमीटरमध्ये मोजून पाहा. मग शाळेच्या नळाची जोडणी उघडी असेल तर अर्ध्या इंची पाइपावरचे आटे मोजा. ते इंचात १४ भरतील आणि त्यांचा कोन ५५ अंशांचा असेल. पाण्याच्या पाइपांवर व्हिटवर्थचा कोन आजही टिकून आहे.

शेवटी मुलांना एक प्रश्न विचारा : हे आकडे निसर्गाने ठरवले की माणसाने? माणसाने ठरवले असतील, तर ते पाळले नाहीत तेव्हा नुकसान कोणाचे झाले? उत्तर शोधायला त्यांना गावातल्या मेकॅनिककडे जरूर पाठवा. या विषयातला जाणता माणूस तोच आहे.