करवत माशाचा ऱ्हास : एक ऐतिहासिक टिपण

मूर्तिजापूर समुद्रापासून दूर असले तरी त्या परिसरातील पाणी पूर्णेस, पूर्णेचे चांगदेवाजवळ तापीस आणि तापीचे सुरतेखाली खंबायतच्या आखातास मिळते. अशा नदीमुखांचे व किनाऱ्याचे उथळ, गढूळ पाणी हे करवत माशाचे निवासस्थान होय. त्याची एक जात नदीपात्रातही दूरवर शिरते. सबब त्याचा इतिहास केवळ कोकणपट्टीचा विषय ठरत नाही.

लिनीअसने 1758 साली या माशास मुशीच्या वर्गात घातले. परंतु कल्ल्यांची छिद्रे अंगाखाली असल्याने तो वस्तुतः पाकटांचा आप्त आहे. 1794 मध्ये लॅथमने त्याच्या काही जातींचे वर्णन केले आणि 1875 ते 1878 या काळात प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सिस डे याच्या ग्रंथात भारतीय समुद्रांतील करवत माशांना स्थान मिळाले.

मुस्कटाची दातेरी करवत हे त्याचे शस्त्र आणि ज्ञानेंद्रियही आहे. तिच्यावरील सूक्ष्म छिद्रांद्वारे भक्ष्याची विद्युत्स्पंदने त्यास जाणवतात, आणि तिच्याच फटकाऱ्याने तो भक्ष्य घायाळ करतो. परंतु जाळ्यात प्रथम अडकते तीही करवतच. स्वातंत्र्योत्तर काळात सुती व तागाच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली, यांत्रिक नौका वाढल्या आणि समुद्रतळ खरवडणारी जाळी पसरली. उशिरा वयात येणाऱ्या व थोडी पिल्ले देणाऱ्या या प्राण्यास ती हानी भरून काढणे शक्य झाले नाही. निकाराग्वा सरोवरातही 1970 च्या दशकातील व्यापारी मासेमारीने त्याची विपुल संख्या अल्पावधीत नष्टप्राय केली.

कायदा मागाहून आला. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारीचे नियमन केले, तरी करवत माशांस वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळण्यास 2001 साल उजाडले. आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2007 मध्ये निर्बंध आले व 2013 मध्ये ते सर्व जातींस समान लागू झाले. तोवर मासा दुर्मीळ झाला होता.

या कालक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शिकार व व्यापार यांस कायदा रोखू शकतो, परंतु दुसऱ्या माशांसाठी टाकलेल्या जाळ्यास जातींचा भेद कळत नाही. म्हणून अडकलेला मासा करवत न तोडता जिवंत सोडण्याची कोळ्यांस शिकवण व मदत देणे, आणि नदीमुखांचे रक्षण करणे, यांवरच त्याचे भवितव्य अवलंबून आहे. नदीमुखांची अवस्था वरच्या खोऱ्यांतून येणाऱ्या पाण्यावर ठरते, हे वऱ्हाडनेही ध्यानी घ्यावयास हवे.