मजुरीच्या प्रमाणात विमा : एका दुर्लक्षित तरतुदीचा इतिहास

शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेपुढे ठेवण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जे निवेदन तयार केले आणि १९४७ च्या मार्चमध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या नावाने प्रसिद्ध केले, त्यातील मूलभूत उद्योग आणि शेती यांच्या राष्ट्रीयीकरणाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले-बोलले गेले आहे. चळवळीच्या शिबिरात ‘राज्य समाजवाद’ हा शब्द एकदा तरी येतोच. परंतु त्याच ठिकाणी, शेतीच्या मुद्द्याला लागून, विम्याविषयी एक तरतूद आहे आणि तिच्यापाशी सहसा कोणी थांबत नाही. विमा ही राज्याची मक्तेदारी राहील, आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने कायदेमंडळ ठरवील त्याप्रमाणे आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुष्याचा विमा उतरवावा अशी सक्ती राज्य करील, असा तिचा आशय आहे.

यातील सक्ती आणि मक्तेदारी हे शब्द लगेच डोळ्यांत भरतात. माझ्या मते खरा विचार ‘मजुरीच्या प्रमाणात’ या शब्दांत आहे. कष्टकरी घराला विमा किती हवा, हा प्रश्न त्यात सोडवायला घेतलेला आहे. तो नंतरच्या राज्यकर्त्यांनी तसाच सोडून दिला आणि आपणही तो विचारला नाही.

विम्याच्या धंद्यात कोणाच्या आयुष्याला किंमत होती, हे आधी पाहिले पाहिजे. १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल लाइफ इन्शुरन्स कंपनी निघाली ती युरोपियनांच्या सोयीसाठी. इथल्या माणसाचा विमा अशा कंपन्या एक तर उतरवीतच नसत, किंवा उतरवलाच तर जादा हप्ता घेत. १८७० मध्ये मुंबईत बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिने हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा दिला. याचा राष्ट्रीय अभिमानाने उल्लेख होतो, तो रास्तही आहे. पण ‘हिंदी माणूस’ म्हणजे कोणता, हे विचारायचे राहून जाते. ज्याला ठरलेल्या तारखेला रोकड मिळत होती तो. व्यापारी, वकील, सरकारी कारकून. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या हातात वर्षाकाठी रोकडच येत नव्हती, तिथे हप्ता कसला?

१८८४ हे साल या दृष्टीने बोलके आहे. त्या वर्षी १ फेब्रुवारीला सरकारने टपाल खात्यातील नोकरांसाठी टपाल विमा सुरू केला. त्याच वर्षी सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यात रविवारच्या सुटीबरोबर एक मागणी अशी होती की, काम करताना जबर इजा झाली तर बरा होईपर्यंत कामगाराला पगार मिळावा आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. एकीकडे सरकार आपल्या नोकराच्या मरणाची व्यवस्था लावत होते. दुसरीकडे गिरणी कामगार मोडलेल्या हाताची भरपाई मागत होता. मरणानंतर घराचे काय, हा प्रश्न त्या निवेदनात मागेच राहिला. कामावरील अपघाती मृत्यूची भरपाई कायद्याने मिळायला १९२३ साल उजाडले.

आणि गावात? गावात वतन होते. महार वतनाचा उल्लेख काही अभ्यासक आजही ‘सामाजिक सुरक्षा’ म्हणून करतात. बाप मेला तरी वतन घरात राहते, पोराला बलुते मिळते, म्हणजे एक प्रकारचा विमाच, असा त्यांचा भाव असतो. हा युक्तिवाद तपासून पाहावा. विम्यात माणूस मेल्यावर घराला रक्कम मिळते आणि घर मोकळे राहते. वतनात बाप मेल्यावर पोराला बापाची राबणूक मिळत असे; वेळ-अवेळ नसलेली, आणि तिचा मोबदला गावाच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले त्यात बलुत्याऐवजी रोख रकमेची, आणि इच्छा असेल त्या वतनदाराला पूर्ण सारा भरून जमीन राखून सेवेतून मोकळे होण्याची वाट होती. विधेयक मंजूर झाले नाही. वतने कायद्याने जायला १९५८ पर्यंत थांबावे लागले. माझ्या समजुतीने १९२८ चे हे विधेयक आणि १९४७ ची विम्याची तरतूद एकाच धाग्यातील आहेत. आधी श्रमाला रोख, ठरलेले मोल. मग त्या मोलाच्या प्रमाणात मरणानंतरची हमी.

मधल्या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा बी. पी. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत आला आणि त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. म्हणजे ही तरतूद हप्ता, दावा, निधी यांचा व्यवहार खात्यात बसून पाहिलेल्या माणसाची आहे. तिची कारणेही त्यांनी दिली आहेत : खासगी कंपनीपेक्षा राज्याची हमी भक्कम, आणि जमणारा पैसा नियोजनासाठी राज्याच्या हाती राहतो, बाजारातून चढ्या व्याजाने काढावा लागत नाही. १९५१ च्या फेडरेशनच्या जाहीरनाम्यातही विकासासाठी पैसा उभा करण्याच्या मार्गांत विम्याचे राष्ट्रीयीकरण होते.

राष्ट्रीयीकरण झाले. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. भारत इन्शुरन्सचा पैसा दालमियांनी कसा फिरवला हे फिरोज गांधींनी लोकसभेत नुकतेच उघड केले होते. देशी-विदेशी कंपन्या आणि प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले होते. तीन महिन्यांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. तरतुदीचा पहिला अर्धा भाग असा प्रत्यक्षात आला. दुसरा अर्धा, मजुरीच्या प्रमाणाचा, कोणी उचलला नाही. महामंडळाने बोधवाक्य घेतले गीतेतले, ज्यात योगक्षेम वाहण्याची जबाबदारी भगवंत घेतो. बाबासाहेबांनी ती राज्यावर टाकली होती. हा फरक निव्वळ शब्दांचा नाही.

पुढे भूमिहीनांसाठी योजना आल्याच नाहीत असे नाही. १५ ऑगस्ट १९८७ पासून भूमिहीन शेतमजुरांचा गट विमा आला. रक्कम १००० रुपये. २ ऑक्टोबर २००७ ला आम आदमी विमा योजना आली; नैसर्गिक मृत्यूला ३०,००० रुपये. ९ मे २०१५ ला प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आला. रक्कम २ लाख, हप्ता वर्षाला ३३० रुपये. जून २०२२ पासून हप्ता ४३६ झाला, रक्कम २ लाखच राहिली. आकडा वाढत गेला, पण तो कशाच्या प्रमाणात ठरला? मजुरीच्या नव्हे, घराच्या गरजेच्याही नव्हे. सरकारला किती परवडते, यावर तो ठरला.

हे सारे कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात आणून पाहिले म्हणजे चित्र स्पष्ट होते. नीरा डाव्या कालव्याखालचे, नीरा-बारामती रस्त्यावरचे हे गाव. उसाचा पट्टा, शेजारी सोमेश्वर कारखाना, पलीकडे बारामतीची एमआयडीसी. एकाच शिवारात मरणाचे चार दर आहेत. ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या अपघाती मृत्यूला राज्याच्या शेतकरी अपघात योजनेतून २ लाख मिळतात आणि हप्ताही भरावा लागत नाही. त्याच रानात, त्याच विहिरीवर, त्याच विजेच्या तारेने मेलेल्या भूमिहीन मजुराला ही योजना लागू नाही, कारण त्याच्याकडे उतारा नाही. एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या पोराचा प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर त्याला १९७६ ची ठेव-संलग्न विमा योजना लागू होते. चौथा तो ऊसतोडीचा कोयता, ज्याच्यापाशी बँकेच्या खात्याला जोडलेले २ लाख असले तर असले. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणत ती अशी मरणाच्या नोंदवहीतही उतरली आहे.

यांतील ठेव-संलग्न योजनेकडे कार्यकर्त्यांनी विशेष लक्ष द्यावे. मजुरीच्या प्रमाणात विमा ही कल्पना कायद्यात कुठे जिवंत असेल तर ती इथे. नोकरीत असताना माणूस गेला तर १५,००० ही कमाल धरून सरासरी मासिक पगाराच्या ३५ पट, वर फंडातील शिलकेच्या निम्मी रक्कम १ लाख ७५ हजारांपर्यंत. सगळे मिळून ७ लाखांची मर्यादा. हप्ता मालक भरतो, कामगाराकडून एक पैसा कापला जात नाही. तरी कितीतरी घरांना ही योजना ठाऊकच नसते. वस्तीत मयत होते, वर्गणी निघते, जलदान विधी पार पडतो, आणि फंडाच्या कार्यालयात पडलेली रक्कम मागायला कोणी जात नाही.

आता हिशेब. एमआयडीसीतला तीस वर्षांचा मजूर महिना १५,००० घरी आणतो असे समजू. त्याचा स्वतःचा खर्च वजा जाता ११,००० घराला लागतात. धाकटे पोर कमावते व्हायला १२ वर्षे. वर्षाचे १ लाख ३२ हजार, बारा वर्षांचे १५ लाख ८४ हजार. ठेवीचे व्याज आणि महागाई एकमेकांना खातात असे धरू. त्यात दीड लाखाचे कर्ज मिळवले की १७ लाख ३४ हजार. ठेव-संलग्न योजनेचे सव्वापाच लाख आणि जीवन ज्योतीचे २ लाख वजा केले तरी सुमारे १० लाखांची तूट उरते. कोयत्यावरच्या घराला ते सव्वापाच लाखही नाहीत. नुसते २ लाख बँकेत ६ टक्क्यांनी ठेवले तर महिना १००० रुपये व्याज येते. मोडून खायचे म्हटले तर अठरा-वीस महिने.

ही तूट भरायची तर शुद्ध टर्म विमाच घ्यावा लागतो. माणूस जगला तर काही परत न देणारा, पण थोड्या हप्त्यात मोठी रक्कम देणारा. आपल्या लोकांत खपतो तो मात्र ‘पैसे परत’ मिळणारा विमा, ज्यात तेवढ्याच हप्त्यात संरक्षण कितीतरी पटींनी कमी असते. आमच्या घरात विम्याचा पहिला कागद आला तो मी नोकरीला लागल्यावर. एजंटाने विचारले, पगारातून महिना किती कापला तर चालेल? माघारी घराला किती लागेल, हे त्याने विचारले नाही. पहिल्या पिढीतील नोकरदारांचा हा सार्वत्रिक अनुभव आहे आणि तो अडाणीपणाचा भाग नव्हे. ज्या घरात शिल्लक कधी पडली नाही त्या घराला ‘परत मिळणारे’ हे शब्द गोड लागणारच. शिवाय टर्म विम्याचे दारही सर्वांना उघडे नाही. बहुतेक कंपन्या उत्पन्नाचा पुरावा आणि ठरावीक शिक्षण मागतात. पदवीधर प्राध्यापकाला तो मिळतो, रानात राबलेल्या त्याच्या आईला मिळत नाही. त्यातही २२ सप्टेंबर २०२५ ला उठेपर्यंत या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी होता.

आपल्यातील काही मित्र म्हणतात की, विमा ही मध्यमवर्गीय चैन आहे, उपाशी माणसाच्या मजुरीतून हप्ता कापणे हा जुलूम आहे. या आक्षेपात तथ्य आहे. बाबासाहेबांची तरतूद सुटी काढून वाचली तर ती जुलूमच ठरेल. राज्याच्या मालकीची सामुदायिक शेती आणि तिच्या बरोबरीने येणारी शाश्वत मिळकत यांच्या शेजारी ती लिहिलेली आहे. ज्याची मजुरी मेमध्ये बंद होते त्याचा हप्ता मेअखेर खात्यातून कापायचा, आणि शिल्लक नसेल तर विमा बंद, ही आजची रीत आहे. कोयता एप्रिलमध्ये गावी परततो. मेअखेर त्याच्या खात्यात काय असणार?

मला दुसरी एक अडचण अधिक गंभीर वाटते. मजुरीच्या प्रमाणात विमा म्हणजे कमी मजुरीला कमी विमा. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना अधिक पगाराच्या विणकाम खात्यात शिरू दिले जात नव्हते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. तिथे मजुरीचे मापच जातीने ठरवले होते. आज रानात बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असतो. म्हणजे तिच्या मरणाची रक्कमही कमी होणार. कोयत्याची उचल नवरा-बायको दोघांच्या श्रमावर दिली जाते, पण मुकादमाच्या कागदावर नाव बहुधा एकाचे. तेव्हा ही मागणी पुन्हा मांडायची तर किमान मजुरीचा, आणि बाईच्या स्वतंत्र विम्याचा पाया आधी घालावा लागेल. टपाल खात्याने आपल्या स्त्री नोकरांचा विमा १८९४ मध्ये उतरवला होता, हे इथे आठवावे.

शेवटी कर्जाचा मुद्दा, कारण आपल्या वस्त्यांत विम्याच्या रकमेवर पहिली नजर सावकाराची आणि मुकादमाची असते. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा आहे, त्याचे सहावे कलम १९२३ पासून मुंबई इलाख्यातील हिंदूंनी उतरवलेल्या विम्यालाही लागू झाले. त्याखाली बायको-मुलांच्या नावे काढलेली पॉलिसी ही त्यांची विश्वस्त मालमत्ता ठरते. नवऱ्याच्या सावकाराला तिला हात लावता येत नाही. त्यासाठी वेगळे पैसे पडत नाहीत, एक पानाचा जादा अर्ज असतो. एजंट तो सहसा आपणहून काढत नाही, मागून घ्यावा लागतो. आणि तो पॉलिसी काढतानाच भरायचा असतो. मागाहून भरता येत नाही.