६४, ६२, ५४ : क्लॉपचे गुण आणि आपला निष्कर्ष

युर्गन क्लॉप म्हटलं की लिव्हरपूल आठवतं. पण तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर त्याची माइन्त्समधली सुरुवातीची वर्षं जास्त कामाची आहेत.

क्लॉप १९९० ते २००१ या काळात माइन्त्सकडून जर्मनीच्या दुसऱ्या श्रेणीत खेळला, आधी पुढच्या फळीत, मग बचावात. खेळता खेळता त्याने फ्रँकफर्टच्या विद्यापीठातून क्रीडाविज्ञानाची पदवीही घेतली. प्रशिक्षक वोल्फगांग फ्रँक यांच्याकडून तो एक गोष्ट शिकला : प्रत्येकाने आपापला प्रतिस्पर्धी धरून ठेवण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून जागा राखायची. फेब्रुवारी २००१ मध्ये संघ तिसऱ्या श्रेणीत घसरायच्या बेतात होता. क्लबने त्यालाच प्रशिक्षक केलं आणि संघ वाचला.

आता पुढचे तीन हंगाम बघा. वरच्या श्रेणीत पहिले तीन संघ जायचे. २००१-०२ मध्ये माइन्त्सचे ६४ गुण, चौथा क्रमांक. एका गुणाने संधी हुकली. २००२-०३ मध्ये ६२ गुण, पुन्हा चौथा. यावेळी गोलफरकात फक्त एका गोलाने. २००३-०४ मध्ये ५४ गुण, आणि संघ वर गेला!

म्हणजे ज्या वर्षी गुण सर्वांत कमी, त्याच वर्षी यश. ‘पास की नापास’ एवढाच रकाना ठेवला, तर तिसऱ्या वर्षी संघ सुधारला असं तुम्ही लिहून मोकळे व्हाल. पण तिसऱ्या क्रमांकाची रेषा इतर संघांच्या गुणांवरही ठरते. त्या वर्षी ती रेषाच खाली आली होती. पी-व्हॅल्यू ०.०५ च्या अलीकडे की पलीकडे, एवढंच बघणाऱ्यांचंही असंच होतं.

पुढे डॉर्टमुंडला २०११ आणि २०१२ अशी दोन विजेतेपदं मिळवून दिल्यावर २०१४-१५ मध्ये क्लॉपचा संघ सातवा आला. लिव्हरपूलचे तेव्हाचे विश्लेषक इयन ग्रॅहम हे सैद्धांतिक भौतिकशास्त्रातले पीएचडी. त्यांनी निकालाऐवजी गोलच्या संधींचा दर्जा मोजला. त्यांच्या हिशोबाने डॉर्टमुंड दुसरा यायला हवा होता. ऑक्टोबर २०१५ मध्ये क्लॉप लिव्हरपूलला आला. २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग, २०२० मध्ये प्रीमियर लीग.

‘बघा, ग्रॅहम बरोबर ठरले’ असं म्हणायचा मोह होतोच. पण थांबा : ट्रॉफी हासुद्धा एक निकालच आहे. हिशोब बरोबर होता की नाही, हे तो कसा केला यावरूनच तपासायचं. तुमचा प्रयोग फसला किंवा जमला, तरी आधी ६४, ६२, ५४ हा आकड्यांचा रकाना जपून ठेवा. ‘पास-नापास’ नंतर लिहिता येईल.