टेनिस एल्बो पट्टा

टेनिस एल्बो पट्टा हा कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्यात खेळताना किंवा काम करताना पुढील हाताला बांधावयाचा आधारपट्टा होय. मनगट मागे वळविणारे स्नायू ज्या कंडरेने कोपराच्या बाहेरील उंचवट्याला जोडलेले असतात, ती वारंवार ताण पडून झिजल्याने हा विकार जडतो. टेनिसमध्ये मनगट वाकवून मारलेला एकहाती बॅकहँड त्यास विशेष कारणीभूत ठरतो. तथापि सुतार, रंगारी असे रॅकेट कधीही हाती न धरलेले रुग्णच अधिक आढळतात.

पट्टा नेमका दुखऱ्या हाडावर बांधणे ही सर्रास होणारी चूक आहे. त्याची योग्य जागा उंचवट्याच्या २ ते ३ सेंटिमीटर खाली, मांसल भागावर असते. तेथील दाबामुळे स्नायू पूर्ण फुगत नाही आणि चेंडू आदळताना बसणाऱ्या हिसक्याचा काही भार कंडरेवरून हलका होतो, असे मानले जाते. हात सैल असताना पट्टा नुसता टेकलेला असावा. मूठ आवळताच दाब जाणवावा. बोटांना मुंग्या आल्यास तो तत्काळ सैल करावा. झोपताना तो काढून ठेवतात.

पट्ट्याने वेदना कमी झाली, तरी कंडरा बरी होतेच असे नाही. त्यासाठी विश्रांती व मनगटाचे क्रमशः वाढविलेले व्यायाम आवश्यक असतात. शस्त्रक्रियेची वेळ थोड्यांवरच येते. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर २००४ मध्ये या विकारामुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना मुकला आणि २००५ मध्ये लंडन येथे त्याच्या डाव्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली.