दोन खुर्च्यांचा अध्यक्ष

कढईत तेल तापले आहे, आणि त्या घटकेला गृहिणीच्या हाती कोणी भाजणी आणून द्यावी. चकल्या तळून होताच तिला स्वयंपाकघराबाहेर काढावे. कोणत्या वाढायच्या आणि कोणत्या टाकायच्या हे तिसऱ्यानेच ठरवावे. आणि चकली बिघडली की नाव मात्र तिचे व्हावे! अशी दिवाळी कोणत्या घरात गोड लागेल? पण १९३० नंतरच्या दशकात हॉलिवुडमधील बहुतेक दिग्दर्शकांचा संसार असाच चालला होता. कथानक हाती पडे ते चित्रणाच्या तोंडावर. शेवटचे दृश्य टिपले की त्यांची रवानगी दुसऱ्या चित्राकडे होई आणि फितीची काटछाट निर्माता आपल्या मनासारखी करून घेई.

दाद मागावी तर कोठे? 'अकादमी' नावाची संस्था होती. आज आपण तिला ऑस्कर पारितोषिकांमुळे ओळखतो. पण १९२७ साली ती निघाली ती एम. जी. एम.चे सूत्रधार लुई मेयर यांच्या पुढाकाराने, आणि धंद्यातील तंटे मिटविणे हेही तिचे एक काम होते. तंटा मालकाशी आणि पंचायतही मालकाच्या ओसरीवर! मार्च १९३३ मध्ये अमेरिकेतील बँका बंद झाल्या, तेव्हा आठ आठवड्यांसाठी पगार निम्म्यापर्यंत कापण्याच्या योजनेला अकादमीने मान डोलावली. त्याच वर्षी पटकथालेखक आणि नटनट्या यांनी आपापले संघ उभारले.

दिग्दर्शक मात्र थबकले. सेटवर ज्याच्या शब्दाने शंभर माणसे हलतात, त्याने संघात जाऊन बसायचे? अखेर १९३५ सरता सरता काही दिग्दर्शक किंग व्हिडॉरच्या घरी जमले. बेकार माणसे एकत्र येऊन सामायिक शेती करतात, या विषयावर याच व्हिडॉरने आदल्या वर्षी पदरचा पैसा घालून चित्रपट काढला होता. जानेवारी १९३६ मध्ये 'स्क्रीन डायरेक्टर्स गिल्ड' स्थापन झाले आणि व्हिडॉर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. पुढे सहायक दिग्दर्शकांनाही संघाने आपल्यात घेतले. मालक मात्र मान्यता देईनात. तीन वर्षे गेली.

या कथेचा खरा नायक त्या पहिल्या बैठकीत नव्हता. फ्रँक काप्राच्या १९३४च्या 'इट हॅपन्ड वन नाइट'ने पाच मोठी ऑस्कर पारितोषिके पटकावली होती. कोलंबिया कंपनीत त्याचा शब्द चाले आणि त्याच्या फितीला दुसऱ्याची कात्री लागत नसे. शिवाय १९३५ पासून तो अकादमीचाच अध्यक्ष होता. मार्च १९३६ मध्ये लेखक-नटांच्या संघांनी पारितोषिक समारंभावर बहिष्कार घातला, तेव्हा वृद्ध डी. डब्ल्यू. ग्रिफिथचा सन्मान योजून सभागृह भरण्याची खटपट करणारा काप्राच! पण पुढे तो दिग्दर्शकांच्या संघात आला, आणि १९३९ साली दोन्ही अध्यक्षपदे त्याच्याकडे होती.

संघाच्या मागण्या पाहिल्या तर त्या किती साध्या होत्या! मोठ्या चित्राच्या तयारीला दोन आठवडे द्या, लहानाला एक. आणि पहिली कच्ची जुळणी दिग्दर्शकाच्या नजरेखाली होऊ द्या. फेब्रुवारी १९३९ मध्ये समारंभ आठवड्यावर आला असता काप्राने मालकांना निर्वाणीचे बजावले: संघाला मान्यता नसेल तर मी अकादमीचे अध्यक्षपद सोडतो, दिग्दर्शक समारंभाला येणार नाहीत आणि प्रसंगी कामही थांबवतील. निर्मात्यांच्या वतीने बोलणारे जोसेफ शेंक नमले. २३ फेब्रुवारीला समारंभ निर्विघ्न पार पडला. उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक खुद्द काप्रालाच मिळाले.

सारे एका रात्रीत पदरात पडले नाही. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये काप्राने 'न्यूयॉर्क टाइम्स'ला लिहिले, की आपल्या मनाप्रमाणे चित्रण करण्याची मुभा असलेले दिग्दर्शक हॉलिवुडात जेमतेम सहा आहेत. पहिल्या जुळणीचा हक्क करारात पक्का व्हायला १९६४ साल उजाडले.

त्या सहांपैकी एक काप्रा स्वतः होता, हे विसरू नये. त्याला संघाकडून मिळवायचे असे काहीच नव्हते. गमवायला मात्र पुष्कळ होते. दुबळ्यांची संख्या वाढली म्हणून संघ उभा राहतोच असे नाही. ज्याचे पोट भरलेले आहे तो उपाशी माणसाच्या पंक्तीला येऊन बसला, की यजमानाला वाढावेच लागते.